फैजपूर-सावदा बघायला येताय? आधी केळी समजून घ्या

मागच्या डिसेंबरात माझी भाची पुण्याहून दोन मैत्रिणींना घेऊन आली. वाटेत त्या नाशिकला थांबल्या होत्या. तिथल्या द्राक्षमळ्यात कुणीतरी त्यांना वेलीपासून बाटलीपर्यंतचा सगळा प्रवास तासभर समजावून सांगितला होता आणि पोरी भारावल्या होत्या. भुसावळ स्टेशनाबाहेर गाडीत बसता बसता भाचीनं विचारलं, "मामा, आपल्याकडे असं दाखवण्यासारखं काही आहे का हो?"

प्रश्न मनापासून होता. आमच्या फैजपूरला राजवाडा नाही, लेणी नाहीत. बाहेरचा माणूस बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना नुसती हिरवी भिंत बघतो, वेफरच्या दुकानापाशी गाडी थांबवतो आणि पुढे निघून जातो. पण त्या हिरव्या भिंतीमागे काय चाललंय हे एकदा कळलं, की हा पट्टा बघायला दोन दिवसही पुरत नाहीत. त्या पोरींना मी जे दाखवलं आणि सांगितलं, तेच इथे लिहितो आहे.

भुसावळहून उत्तरेला निघालं की तापी ओलांडावी लागते. समोर आडवा सातपुडा दिसतो. नदी आणि डोंगर यांच्यामधली ही चिंचोळी सपाट पट्टी म्हणजे जळगाव जिल्ह्यातले रावेर आणि यावल हे दोन तालुके. रावेर, सावदा, फैजपूर, यावल ही गावं एकाच रस्त्यावर माळेसारखी ओवलेली आहेत. फैजपूर ते सावदा अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर, त्यामुळे एकाची गोष्ट सांगताना दुसरं गाव येतंच.

पोरींचा पहिला प्रश्न अगदी बरोबर होता: इथेच केळी का? जळगावकडे पाऊस वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर. केळीला वर्षभरात त्याच्या अडीच पट तरी पाणी लागतं. वर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कागदावर पाहिलं तर इथे केळी लावणं म्हणजे वेडेपणा.

उत्तर जमिनीखाली आहे. सातपुड्यातून सुकी, मोर यांसारख्या नद्या आणि असंख्य नाले उतारानं धावत खाली येतात. डोंगर संपला की पाण्याचा जोर कमी होतो आणि सोबत आणलेले गोटे, वाळू, रेती ते तिथेच टाकतं. हजारो वर्षं हे चालल्यामुळे डोंगराच्या पायथ्याशी गोट्या-रेतीचा जाड पट्टा तयार झालाय. त्याला बझाडा म्हणतात. या पट्ट्यात पाणी चाळणीतून गळावं तसं जमिनीत उतरतं आणि जमिनीखालून हळूहळू तापीकडे सरकतं. त्याच्या वाटेवर, तापीच्या गाळानं बनलेल्या खोल काळ्या जमिनीत, आमच्या विहिरी. म्हणजे पाऊस पडतो सातपुड्यात आणि केळी पिकते खाली. डोंगर ही आमची टाकी, बझाडा तिचं तोंड.

हे समजलं की पुढचंही समजतं. टाकीतून काढलेलं पाणी भरलेल्या पाण्यापेक्षा जास्त झालं तर काय होणार? माझ्या लहानपणी आबांच्या मळ्यातल्या विहिरीत खडा टाकला की लगेच 'डुबुक' ऐकू यायचं. आता त्याच विहिरीत टाकलेला खडा खालच्या कोरड्या दगडांवर खडखडतो. विहिरीच्या तळातून बोअर मारला, तो आटला म्हणून शेजारी दुसरा, आणखी खोल. यावल आणि रावेरमध्ये भूजलाचा उपसा अतिरेकी झालाय हे सरकारी पाहणीतही कित्येक वर्षांपासून नोंदलं जातं. तापीचं पावसाळ्यातलं पाणी वळवून बझाड्यातून जमिनीत मुरवायचं, अशी एक मोठी योजना आहे. तिला मेगा रिचार्ज म्हणतात. त्यासाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात करार झाला. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत बसलं तरी या योजनेचा विषय निघतो. का निघणार नाही? इथलं सगळं त्याच पाण्यावर उभं आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांना बागेत नेलं. बूट नको, चप्पलही जुनी घाला, आणि मुख्य म्हणजे चांगले कपडे नको, असं आधीच बजावलं होतं. केळीचा चीक पांढऱ्या कपड्याला लागला की काळपट डाग पडतो आणि तो कापड फाटेपर्यंत जात नाही.

बागेत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो गारवा. बाहेर आणि आत चांगला फरक. पानांवरचं दव टपटप पडत असतं आणि दोन ओळींमधून चालताना खांदे भिजतात. आबांनी एका खोडावर हात ठेवला आणि पोरींना विचारलं, "हे झाड आहे का?" सगळ्या हो म्हणाल्या. आबांनी कापून टाकलेलं एक जुनं खोड विळ्यानं आडवं छेदून दाखवलं. आत लाकूड नव्हतंच. कांद्यासारखे एकावर एक गुंडाळलेले पापुद्रे, त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं आणि त्यातून झिरपणारं पाणी. केळ हे वनस्पतीशास्त्राच्या हिशेबात झाड नाहीच. ते एक अवाढव्य गवतासारखं रोप आहे. आपण ज्याला खोड म्हणतो ती पानांच्या देठांची गुंडाळी. खरं खोड जमिनीत असतं, कंदाच्या रूपात.

रोप सात-आठ महिन्यांचं झालं की या गुंडाळीच्या मधोमध, आतून, फुलाचा कोंब वर चढतो आणि एक दिवस शेंड्यातून बाहेर पडतो. आमच्याकडे त्याला 'केळ निसवली' म्हणतात. जांभळं-तांबडं केळफूल खाली लोंबतं, त्याची एकेक पाकळी उलगडते आणि प्रत्येकीखाली एक फणी दिसते. एका केळीला आयुष्यात एकच घड येतो. घड कापला की तिचं काम संपलं. तोवर तिच्या बुडाशी पिलं फुटलेली असतात. त्यातलं एक जोमदार पील ठेवायचं, बाकीची काढायची. ते पील पुढच्या वर्षाचं पीक. म्हणून आमच्याकडे नव्या लागवडीच्या मालाला 'नवती' आणि पिलावर घेतलेल्या मालाला 'पिलबाग' म्हणतात. रोजचे भावही असेच वेगवेगळे निघतात. सगळ्यात हलका माल 'वापसी'त जातो. शेतकरी हा शब्द उच्चारतानाच तोंड कडू करतो.

लागवडीचे मुख्य हंगाम दोन. जून-जुलैत लावली तो मृगबाग, ऑक्टोबरच्या आसपास लावली तो कांदेबाग. आमच्याकडे बाग एकरात मोजत नाहीत, खोडांत मोजतात. "पाच हजार खोडं लावली" म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात हिशेब करतो. पाच फूट बाय पाच फुटांवर लावली तर एकरी साधारण १७४० खोडं बसतात.

पोरींना सगळ्यात नवल वाटलं ते बियांचं. आपण खातो त्या केळीत उगवणारं बी नसतं. म्हणजे बागेतली प्रत्येक केळ ही आपल्या आधीच्या केळीची हुबेहूब नक्कल. पूर्वी इथे सगळीकडे 'बसराई' ही बुटकी जात होती, मग 'श्रीमंती' आली. त्यानंतर 'ग्रँड नैन' आली, जिला सगळे जी-नाईन म्हणतात. हे नाव मूळ फ्रेंच, अर्थ चक्क 'मोठी बुटकी'. जळगावच्या जैन इरिगेशननं तिची टिश्यू कल्चर रोपं तयार केली, म्हणजे निरोगी केळीच्या कोंबाचा इवलासा तुकडा प्रयोगशाळेत वाढवून त्यापासून हजारो सारखी रोपं. सोबत ठिबक आलं. पूर्वी दीड वर्षापर्यंत लांबणारी बाग अकरा-बारा महिन्यांत कापणीला यायला लागली. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत या भागात एवढी उलथापालथ दुसऱ्या कशानंच केली नाही.

पण सगळी रोपं सारखी असण्याची किंमतही आहे. एका रोपाला जो रोग मारतो तो सगळ्यांना मारू शकतो. आमच्याकडचा सगळ्यात धास्तीचा रोग म्हणजे 'हरण्या', पुस्तकात ज्याला सीएमव्ही किंवा कुकुंबर मोझॅक म्हणतात. हा विषाणू मावा नावाच्या बारक्या किडीतून पसरतो. जुलै-ऑगस्टमध्ये सलग ढगाळ हवा, झिमझिम पाऊस राहिला की पानांवर पिवळे पट्टे उमटतात आणि पोंगा, म्हणजे शेंड्यातलं न उलगडलेलं कोवळं पान, सडतो. त्यावर औषध नाही. रोप उपटायचं, बागेबाहेर नेऊन गाडायचं किंवा जाळायचं. एका वर्षी आबांनी कोवळी बाग अशी उपटली. दुपारपर्यंत बांधावर ढीग लागला होता आणि आबा त्याच्या शेजारी बसून होते, पाणीसुद्धा मागितलं नाही. दुसरा शत्रू वारा. मे-जूनच्या वादळात घड लागलेली बाग अर्ध्या तासात आडवी होते. लाकूड नसलेल्या खोडाला पंचवीस किलोचा घड आणि वारा दोन्ही पेलवत नाहीत.

आम्ही गेलो त्या दिवशी शेजारच्या बागेत कापणी होती. केळी कच्ची, हिरवीगार असतानाच कापतात. फळाच्या कडांच्या धारा बुजून ते गोल व्हायला लागलं की वेळ झाली. एक जण खोडाला विळा मारून घड अलगद वाकवतो, दुसरा खांद्यावर झेलतो. घड जमिनीवर आपटला तर तिथे काळा डाग पडतो आणि दिल्लीचा व्यापारी तेवढंच बोट ठेवून भाव पाडतो. म्हणून गाडीतसुद्धा खाली केळीचीच पानं अंथरतात. ट्रक उत्तरेकडे निघतात, आणि रावेर-सावदा स्टेशनांवरून रेल्वेच्या वॅगनमधूनही केळी पिढ्यान् पिढ्या दिल्लीला गेली आहे. पिकवण्याचं काम तिकडच्या वखारीत होतं. बंद, गार खोलीत इथिलीन वायू सोडतात, जो फळ पिकताना स्वतःही सोडतं. त्यामुळे सगळा माल एकसारखा पिवळा होतो. गंमत अशी, की केळीच्या गावात बाजारात पिवळी केळी शोधावी लागते.

'जळगाव केळी' या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव इथल्याच केळीला लावता येतं. त्यासाठी रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्रानं पुढाकार घेतला होता. २०२१ मध्ये त्याच तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची केळी मानांकनाच्या नावासह दुबईला गेली.

आता इतिहासाकडे येतो. केळी हे इथलं जुनं वैभव नाही. ब्रिटिशांच्या गॅझेटिअरमध्ये फैजपूरची ओळख आहे ती रंगाऱ्यांचं गाव म्हणून. इथली छापील सुती कापडं आणि गडद निळा, लाल रंग प्रसिद्ध होता. रंगाऱ्यांची शेकड्यांनी कुटुंबं होती आणि सातपुड्यातून येणाऱ्या लाकडाचा आठवडी बाजार खानदेशातल्या मोठ्या बाजारांपैकी एक होता. शेजारच्या यावलला हातकागद आणि नीळ व्हायची. युरोपातले कारखान्यात बनणारे स्वस्त रंग आले आणि देशभरातल्या नैसर्गिक रंगांच्या धंद्याचं जे झालं तेच इथेही झालं.

त्याही आधी हा सगळा मुलूख बऱ्हाणपूरच्या फारुकी सुलतानांचा. १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. सावदा १७६३ मध्ये निजामाकडून पेशव्यांकडे आलं आणि पुढे पेशव्यांचे सोयरे सरदार रास्ते यांना मिळालं. ही हस्तांतरं मी घाईत सांगून टाकली, कारण मला खरी सांगायची आहेत ती पुढची दोन वर्षं.

पहिलं १८५२. इंग्रजांनी शेतसारा नव्यानं ठरवण्यासाठी जमिनींची मोजणी सुरू केली. साखळ्या घेऊन मोजणीदार शिवारात उतरले आणि शेतकऱ्यांना त्यात वाढीव साऱ्याची चाहूल लागली. सावद्याला दहा ते पंधरा हजार माणसं जमली. ना तार, ना रेल्वे, ना छापील पत्रक. गावोगाव तोंडी निरोप फिरला असणार. पायदळाची तुकडी आली, पुढाऱ्यांना धरलं, तेव्हा कुठे जमाव पांगला. १८५७ च्या पाच वर्षं आधीची ही गोष्ट. आमच्या शाळेत ती कुणी शिकवली नाही आणि सावद्यात तिची खूण दाखवायला मला काही सापडलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसरं १९३६. काँग्रेसची अधिवेशनं तोवर मोठ्या शहरांत व्हायची. गांधीजींचा आग्रह होता की अधिवेशन खेड्यात व्हावं, आणि पहिलं ग्रामीण अधिवेशन फैजपूरला ठरलं. काँग्रेसचं हे पन्नासावं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. शेतात अख्खं नगर वसवायचं होतं, 'टिळकनगर'. पोलिसातली नोकरी सोडून चळवळीत आलेले खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी, शंकरराव देव, गावोगाव फिरून माणसं गोळा करणारे साने गुरुजी अशी मंडळी राबत होती. मंडप आणि कमानींची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी केली. त्यांनी बाहेरून काही मागवलं नाही. इथलाच बांबू, गवत, चटया, दोर वापरले. खादी-ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनाचं उद्घाटन करताना गांधीजींनी नंदलाल बोस आणि वास्तुरचनाकार म्हात्रे यांचं नाव घेऊन कौतुक केलं. झेंडा चढवताना तो उंच खांबावर मध्येच अडकला, तेव्हा शिरपूरचा किसनसिंग राजपूत हा तरुण सरसर वर चढला आणि झेंडा मोकळा केला. ही आठवण आमच्याकडे अजून सांगतात.

पण माझ्या लेखी फैजपूरचं मोठेपण गर्दीत नाही, ठरावात आहे. इथे काँग्रेसनं शेतीचा कार्यक्रम मंजूर केला: सारा आणि खंड (कसणाऱ्यानं जमीनमालकाला द्यायचं भाडं) कमी करा, न परवडणाऱ्या तुकड्यांवर तो माफ करा, कर्जवसुली थोपवा, कालव्याच्या पाण्याचे दर उतरवा, वेठबिगार बंद करा, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी द्या, शेतकऱ्यांच्या संघटना माना. त्याच दिवसांत किसान सभेचं, म्हणजे शेतकऱ्यांच्या देशव्यापी संघटनेचं अधिवेशनही इथेच झालं, शेतकरी नेते एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली. त्यासाठी ५०० शेतकरी मनमाडहून २०० मैलांहून जास्त पायी चालत आले. वाटेत गावोगाव थांबून आपलं म्हणणं सांगत आले आणि फैजपुरात त्यांच्या स्वागताला स्वतः नेहरू उभे होते. सावद्याच्या जमावाला पायदळानं पांगवलं त्याला तेव्हा ८४ वर्षं झाली होती, आणि मागणी तीच होती: सारा कमी करा. भाचीला हे सांगताना माझा आवाज जरा चढला, तर आबा म्हणाले, "हळू भो, पोरी काही मोजणीदार नाहीत."

धनाजी नानांच्या नावाचं महाविद्यालय फैजपुरात १९६१ पासून आहे. सावद्याच्या उत्तरेला खिरोद्यात त्यांचे चिरंजीव, पुढे विधानसभेचे अध्यक्ष झालेले मधुकरराव चौधरी यांनी वाढवलेल्या शिक्षणसंस्था आहेत, चित्रकलेचं महाविद्यालयसुद्धा. खेड्यात चित्रकला शिकवावी हे सुचणं यात मला नंदलालबाबूंच्या त्या बांबूच्या कमानींचा वारसा दिसतो. हा माझा अंदाज, पण मला तो आवडतो.

फिरायचंच असेल तर फैजपूरचं सतपंथ मंदिर आणि सावद्याचं स्वामिनारायण मंदिर गावातच आहेत. एक दिवस मोकळा ठेवून चांगदेवला जा. तिथे तापी आणि पूर्णा भेटतात आणि काठावर काळ्या दगडातलं, कोरीवकामानं भरलेलं जुनं मंदिर उभं आहे. जवळच मुक्ताईनगर. वीज कडाडली आणि मुक्ताई तापीकाठी गुप्त झाली ती ही जागा, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. महाशिवरात्रीच्या सुमारास दिंड्या येतात. सातपुड्याकडे निघालात तर पाल हे थंड हवेचं गाव आणि यावल अभयारण्य. होळीआधीच्या आठवड्यात आलात तर डोंगरपायथ्याच्या गावांत पावरा-बारेला आदिवासींचा भोंगऱ्या बाजार बघायला मिळेल. ढोल ऐकू आले की गाडी बाजूला लावा. आडगावजवळची मनुदेवी पावसाळ्यात बघावी, मंदिरासमोरच्या कड्यावरून धबधबा कोसळत असतो.

वेफर मात्र येतानाच घ्या, जाताना घाई होते. रस्त्याकडेच्या कढईपाशी उभे राहा. माणूस सोललेलं हिरवं केळ किसणीवर धरून थेट उकळत्या तेलावर चालवतो, चकत्या सुट्या सुट्या पडतात. मग मिठाच्या पाण्याचा हबका मारतो, कढई तडतडते आणि मिनिटभरात झारा वर येतो. गरम असताना ते थोडे मऊ लागतात, घाबरू नका. निवले की कुरकुरीत होतात.

आणि यायचं तर थंडीतच या, भरितासाठी. जळगावच्या भरताच्या वांग्यालाही २०१६ मध्येच मानांकन मिळालं आणि आमच्या शेजारच्या बामणोदची वांगी नावाजलेली. हिरवट, पांढऱ्या रेघांची, एकेक वांगं दोन मुठींएवढं. पोरींच्या शेवटच्या संध्याकाळी आबांनी मळ्यात कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवल्या आणि वांगी त्यात सरळ टाकली. सालं काळी पडून आतून वाफ सुटली की बाहेर काढली, हात भाजत सोलली आणि लाकडी बडगीत घालून मुसळानं ठेचली. तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली. ताटं नव्हतीच. आबांनी बागेतली पानं कापून आणली, पाण्यानं पुसली आणि सगळे बांधावर ओळीनं बसलो. भाची तिसऱ्यांदा भरीत मागत होती, तोवर तिच्या मैत्रिणीचं पान म्हशीनं मागून ओढून खायला सुरुवातही केली होती.